दुखतंय कुणाचं?

मोटारसायकलवर पुढं बसलेल्या बाप्याच्या डोक्याला हेल्मेट, आणि मागं पोर मांडीवर घेऊन बसलेल्या त्याच्या बायकोच्या डोक्याला नुसता पदर, हे दिसलं की माझं टाळकं अजून सरकतं. खरं तर हा राग माझा नव्हे, शालिनी मॅडमचा. त्यांच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून कितीतरी वर्षं काढली. तिथं तो मला लागला, आणि दवाखाना बंद झाला तरी सुटला नाही.

मॅडम घोडेगावात डॉक्टर होत्या. नव्वद सालानंतरची गोष्ट. बुटक्या, ठसठशीत, चालताना कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारख्या. शिकत असताना पुण्यात काही वर्षं मेंदूच्या आजारांच्या वॉर्डात त्यांनी काम केलं होतं, त्यामुळं पेशंट पायाचा असो की पोटाचा, त्यांचं लक्ष आधी त्याच्या डोक्याकडं जायचं. लुना चालवायच्या. ज्या काळात घोडेगावात फौजदारसुद्धा हेल्मेट घालत नव्हता, त्या काळात या पिवळंजर्द हेल्मेट घालून भर बाजारातून जायच्या. पोरं ‘हंडीवाली डॉक्टरीण’ म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. म्हणायच्या, ‘म्हणू दे. माझी हंडी शाबूत आहे ना?’

पुढं हेल्मेटची टूम आली, पण ती पुढच्या एकट्यापुरती. मग मॅडम रस्त्यात लुना आडवी घालायच्या. ‘काय हो पावणं, घरात डोकं एकच आहे का?’

एकानं एकदा सुनावलं, ‘मॅडम, गाडी मी चालवतो. ती नुसती बसती मागं.’

‘मग पडताना तुम्ही एकटेच पडता का?’

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तसाच जाताना दिसला, हेही सांगायला पाहिजे. ‘बाईला डोकं काय नुसतं हंडा ठेवायला दिलंय?’ हे मॅडमचं नेहमीचं वाक्य. ते मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता माझ्याही तोंडून निघून जातं.

त्यांच्या तपासायच्या खोलीत पेशंटसाठी एक स्टूल होतं. दुसरं बसायला काही नाही. पूर्वी एक खुर्ची होती. व्हायचं असं, की जोडपं आत यायचं, नवरा ऐसपैस खुर्चीत बसायचा, बायको दाराला टेकून उभी राहायची आणि तिचं दुखणं तो सांगायचा. ‘काय न्हाई डॉक्टरीणबाई, डोकं धरून बसती. टेन्शन घेती लई.’ एके दिवशी मॅडमनी ती खुर्ची स्वतः उचलून बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवली. तेव्हापासून कुणी जोडीनं आलं की दारातच सवाल.

‘दुखतंय कुणाचं?’

‘हिचं.’

‘मग तुमची खुर्ची बाहेर आहे. तू ये गं. तुझं तू सांग.’

आता ती सांगणार काय, कपाळ. जन्मात कुणी विचारलेलं नाही. ‘मला काय म्हाईत, त्यांलाच म्हाईत समदं,’ म्हणून बाई दाराकडं बघायची. मॅडम वाट बघत बसायच्या. एरवी तापट बाई, पण तिथं भारी चिकाटी. अ‍ॅप्रनच्या खिशात भुईमुगाच्या शेंगा असायच्या, त्या सोलत बसायच्या. पेशंटला एक शेंग द्यायच्या. मग हळूहळू बाई बोलायची. टेबलाखालची टरफलं झाडताना मला कळायचं, आज राग किती आला होता ते. रागात त्या टरफलाचा पार भुगा करायच्या.

‘टेन्शन’ या शब्दाला दवाखान्यात बंदी होती. ‘बाप्याला चक्कर आली की बीपी बघा, शुगर बघा, जीप काढा, पुण्याला न्या. बाईला चक्कर आली की टेन्शन. हा काय फक्त लुगड्याला होणारा रोग आहे?’ असं त्या समोरच्या नवऱ्यालाच विचारायच्या. त्याचा तोटाही झाला. चारचौघांत पाणउतारा झालेला माणूस पुन्हा बायकोला घेऊन येईल कशाला? कितीजण फिरकलेच नाहीत. मी म्हणायचे, ‘मॅडम, जरा गोडीत घ्या. तुमच्या तोंडापायी त्यांच्या बायका घरी राहतात.’ त्यांना ते पटायचं. दुपारपर्यंत टिकायचंसुद्धा.

आणि गंमत बघा, एवढी जहाल बाई स्वतःच्या नवऱ्याचं नाव घेत नव्हती. सर जुन्नरला हेडमास्तर. फोन आला की यांचं ‘अहो, जेवलात का?’ सुरू. मी मुद्दाम विचारायचे, ‘मॅडम, सरांचं नाव काय हो?’

‘बाहेर पाटीवर माझं पूर्ण नाव लिहिलंय. त्यात आहे. वाचता येतं ना तुला?’

येडगावच्या एका पोरीला फिट यायच्या. गोळ्या चालू होत्या, एरवी पोर ठणठणीत, पण महिन्याच्या महिन्याला पाळीच्या दिवसांत हटकून फिट यायची. काही बायांना त्या दिवसांत फिटचा जोर वाढतो, हे मॅडमना माहीत होतं. त्यांनी औषध बदलून बघितलं. फरक नाही. ‘गोळ्या चुकतात का?’ असं विचारलं की आई म्हणायची, ‘न्हाई वो, देवासारखं जपतो.’ शेवटी एका रविवारी मॅडम मला मागं बसवून त्यांच्या घरी गेल्या. (माझ्यासाठी त्यांनी वेगळं हेल्मेट घेतलं होतं. घातल्याशिवाय गाडी हलायची नाही.) ‘गोळ्या ठेवता कुठं?’ म्हटल्यावर आईनं कौतुकानं देव्हारा दाखवला. अंगाऱ्याच्या पुडीशेजारी गोळ्यांची पाकिटं. ‘औषध म्हंजी देवच की, मॅडम.’

आणि पाळी आली की पोर मागच्या पडवीत, कडेला. देव्हाऱ्याजवळ तिनं जायचं नाही, आणि देवापाशी ठेवलेली वस्तू त्या दिवसांत तिला कुणी द्यायची नाही. ज्या दिवसांत गोळी सगळ्यांत जास्त लागायची, नेमकी त्याच दिवसांत ती बंद. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हेच तर वाईट. मॅडमनी कपाळाला हात लावला. मग भांडल्या नाहीत, नशीब. एक पत्र्याची डबी मागवली, त्यात वेगळं पाकीट घातलं आणि डबी पडवीच्या खुंटीला टांगली. ‘ही हिची डबी. ह्या डबीला देव लागत नाही.’ त्यानंतर फिट बऱ्याच कमी झाल्या. परत येताना म्हणाल्या, ‘मंदा, हे कुठल्याच पुस्तकात नाही. पुस्तकं लिहिणाऱ्यांना पाळी येत नाही ना.’

सीताबाई आली ती त्यानंतर.

तळेघरच्या पुढं डोंगरातल्या एका वाडीवरची बाई, पंचेचाळिशीची. भाताची खाचरं, थोडी नाचणी, दोन म्हशी, असा सगळा कारभार रेटणारी. तिला तिचा नवरा चिमाजी घेऊन आला होता. तो कुणी न सांगता बाहेरच्या खुर्चीत बसला. सीताबाई स्टुलावर बसून इकडंतिकडं बघत होती. ‘काय होतंय?’ ‘मला काय व्हतंय? काय न्हाई.’ मग मॅडमनी नियम मोडून चिमाजीला आत घेतलं. तो टोपी पिळत उभा राहिला. शेवटी म्हणाला, ‘बाई, ही माझं नाव घेती.’

दाराशी बसलेले पेशंट हसले. मॅडम हसल्या नाहीत. हातातली शेंग त्यांनी तशीच खिशात टाकली.

‘कधीपासून?’

‘शिमग्यापासनं. चारचौघांत ए चिमा, ए चिमा करती. भावकीत तोंड दावायची सोय ऱ्हायली न्हाई. परवा मयताला गेलो, तितं हसली. चुलीवर काय ठिवलं तर इसरती. सकाळच्या पारी डोकं लई दुखतं म्हनती. देवऋषी झाला, अंगारा झाला, लिंबाच्या डहाळीनं झोडलं बी. आता मलाच कसंतरी व्हतंय.’

एवढ्यात सीताबाईची नजर टेबलावरच्या हेल्मेटवर गेली. ‘ए चिमा,’ ती म्हणाली, ‘ह्या बाईची हंडी बग कशी पिवळी हाय.’

चिमाजीनं मान खाली घातली.

ती दोघं बाहेर गेल्यावर मॅडम म्हणाल्या, ‘इतकी वर्षं संसार केलेली बाई तीन महिन्यांत लाज विसरत नाही. लाज, भान, चार माणसांत वागायची रीत, हे सगळं इथं असतं,’ आणि त्यांनी स्वतःचं कपाळ ठोकून दाखवलं. ‘तिथं काहीतरी वाढतंय. मला बघ की. डॉक्टर असून माझ्या जिभेवर ह्यांचं नाव येत नाही. हिच्या जिभेवर ते सहज येतंय, म्हणजे हिचं काहीतरी मोठं बिघडलंय.’ त्यांनी डोक्याचा स्कॅन करावा म्हणून चिठ्ठी लिहिली आणि पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

वर्षभरापूर्वी याच चिमाजीच्या थोरल्या भावाचं तोंड वाकडं झालं, तेव्हा अख्खी वाडी जीप करून पुण्याला गेली होती, आणि त्याच दिवशी स्कॅन होऊन औषध सुरू झालं होतं. सीताबाईला घेऊन चिमाजी एकटा एसटीनं गेला. बाईच्या अंगात आलंय त्याला जीप कशाला, असं भावकीनं ठरवून टाकलं होतं.

पुण्यात काय झालं ते चिमाजीनं परत आल्यावर सांगितलं. तरणा डॉक्टर होता. त्यानं सीताबाईला काही विचारलं नाही, चिमाजीला विचारलं, काय त्रास आहे. चिमाजीनं सगळ्यांत मोठा त्रास सांगितला. ‘ही माझं नाव घेती, साहेब.’

‘मग काय झालं? माझी बायकोही मला नावानंच हाक मारते.’

सगळे हसले. मॅडमच्या चिठ्ठीतही तेच लिहिलेलं, ते वाचून तर तो आणखी हसला. वय विचारलं. पाळी जायचं वय आहे, म्हणाला, या वयात बायका अशा करतात. टेन्शन आहे. झोपेच्या गोळ्या दिल्या. स्कॅन नाही.

मला आजही त्या पोराला धरून विचारावंसं वाटतं, की बाबा रे, तुझी बायको तुला नावानं हाक मारते ते ठीक, पण ती पहिल्यापासून मारते ना? ही कधीच मारत नव्हती. आजार त्या नावात नव्हता, बदलात होता. पण बदल कळायला ती आधी कशी होती ते विचारावं लागतं, आणि ते विचारायला तिच्याकडं बघावं लागतं.

गोळ्यांनी सीताबाई झोपून राहू लागली. नाव घेईना, हसेना, बोलेना. वाडीला वाटलं, गुण आला. चिमाजी आनंदानं सांगायला आला, येताना तांदळाचं गाठोडं घेऊन. मॅडमनी ते घेतलं नाही. ‘गप बसली म्हणजे बरी झाली, हे फक्त बाईलाच लागू,’ म्हणाल्या. त्यांनी पुण्याला फोन लावले. कुणी उचललाच नाही, कुणी सकाळी करा म्हणालं, कुणी ‘मॅडम, ग्रामीण भागात असल्या केसेस फार असतात’ म्हणून यांनाच समजावलं. मॅडमनी चिमाजीला पुन्हा पाठवायला बघितलं. पण भाताची लावणी तोंडावर होती, आणि पुण्याच्या डॉक्टरनं एकदा सांगितल्यावर घोडेगावच्या डॉक्टरणीचं कोण ऐकतो?

त्याच दिवसांत पुण्याला डॉक्टरांची एक सभा होती, फिटच्या नव्या गोळीची. कंपनीनं जेवण ठेवलं होतं. मॅडम गेल्या. पडद्यावर आकडे दाखवून झाल्यावर यांनी हात वर केला. ‘ही गोळी ज्यांच्यावर तपासली, त्यांत बाया किती?’

बोलणारा म्हणाला, फार नव्हत्या. बायांची पाळी असते, दिवस जातात, त्यानं आकडे बिघडतात.

‘मग गोळी विकताना पण बायांना विकू नका. आमचे आकडे बिघडलेलेच राहू द्या.’

लोक हसले आणि जेवायला उठले. मॅडम न जेवता एसटीनं परत आल्या, स्टँडवरून थेट दवाखान्यात. मी गोष्ट ऐकून म्हटलं, बरोबर बोललात. तर माझ्यावरच डाफरल्या. ‘बरोबर बोलून काय उपयोग? सीताबाईचं डोकं कुणी उघडून बघितलं का?’ त्या दिवशीची टरफलं दोन्ही खोल्यांत सांडली होती.

लावणी झाली. चिमाजी एक दिवस धापा टाकत आला. सीताबाई पाणी हंड्यात ओतायला जाते आणि ते बाहेर सांडतं. उंबऱ्याला ठेचकाळते. डोळ्यांपुढं धूर आहे म्हणते. मॅडमनी त्याला पुढं बोलू दिलं नाही. दवाखान्याला कुलूप लावलं, जीप बोलावली, मला घेतलं, वाडीवरून सीताबाईला उचललं आणि पुण्याला त्याच हॉस्पिटलात जाऊन बसल्या. तुमचा नंबर नाही, म्हणाले. ‘स्कॅन झाल्याशिवाय मी इथून उठत नाही,’ म्हणून मॅडम कॉरिडॉरमध्ये खाली फतकल मारून बसल्या, हेल्मेट मांडीवर घेऊन. जीपमध्ये हेल्मेट कशाला आणलं होतं देव जाणे. घाईत हातात आलं असेल.

स्कॅन झाला. कपाळामागं लिंबाएवढी गाठ. साधी होती, कॅन्सरची नव्हे. मोठे सर्जन भले गृहस्थ, त्यांनी समजावून सांगितलं, की ही गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते, पुरुषांपेक्षा बायांमध्ये जास्त दिसते, काढली की माणूस बहुतेक पहिल्यासारखं होतं. ‘पण डोळ्याच्या नसा दबून गेल्यात. नजर परत येईल असं वाटत नाही. आधी का नाही आणलं?’

मला वाटलं, आता मॅडम यांना फाडून खाणार. पण त्यांच्या आधी चिमाजीच म्हणाला, ‘आनलं व्हतं, साहेब. तुमच्याच हितं आनलं व्हतं.’

ऑपरेशन झालं. दहा-बारा दिवसांनी आम्ही बघायला गेलो, तर एक शिकाऊ डॉक्टर सीताबाईच्या खाटेपाशी तिची स्मरणशक्ती तपासत होता. गाव कोणतं? बरोबर सांगितलं. म्हशी किती? सांगितलं. आता शेतात काय असेल? ‘भात निसवला असंल, लोंब्या आल्या असत्याल.’ मग म्हणाला, ‘नवऱ्याचं नाव?’

सीताबाई गप्प. त्यानं मोठ्यानं विचारलं, बहिऱ्याला विचारावं तसं. सीताबाईनं चाचपडत पदर घेतला, डोक्याच्या बँडेजवरून पुढं ओढला आणि तोंड फिरवलं. त्यानं कागदावर लिहिलं, नवऱ्याचं नाव सांगता येत नाही.

‘खोडा ते,’ मॅडम म्हणाल्या. ‘तिला येतंय. येतंय म्हणून तर घेत नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं बरोबर उत्तर दिलंय.’

मग मॅडम खाटेवर बसल्या आणि सीताबाईचा हात धरून रडल्या. त्यांना रडताना मी तेवढ्या एकदाच पाहिलं. गेलेली सीताबाई परत आली होती, आणि तिला काही दिसत नव्हतं. पहिल्याच खेपेला एक स्कॅन केला असता तर तीही परत आली असती आणि नजरही राहिली असती.

काही वर्षांनी सर रिटायर झाले, त्यांनी मुलाकडं जायचं ठरवलं आणि मॅडमनी दवाखाना बंद करायला घेतला. जायच्या आधी म्हणाल्या, चल, सीताबाईला भेटून येऊ. आम्ही दोघी, दोन हेल्मेटं, तळेघरपर्यंत गाडीनं आणि पुढं पायी. सीताबाई ओट्यावर बसून नाचणी निवडत होती, सगळं बोटांनी. आवाजावरून ओळखलं तिनं. चहा झाला. मॅडमनी सवयीनं तपासलं आणि सवयीनंच विचारलं, ‘काय सीताबाई, मालकांचं नाव काय?’

‘ह्ये काय इचारनं झालं बाई,’ म्हणत तिनं पदर ओढला.

शेजारी उभा चिमाजी म्हणाला, ‘घेऊ द्या की बाई तिला. तुमीच सांगा तिला. मी कवा खाचरात असतो, कवा पान्याला जातो. ही दारात उबी राहून नुसतं अवं, अवं करती. वाडीत अवं म्हनल्यावर धा बापे वळून बगत्यात. मला कसं कळनार? आता माझी कायबी हरकत न्हाई. खुशाल चिमा म्हन म्हनावं.’

‘ऐकलंत? घ्या नाव,’ मॅडम म्हणाल्या.

‘जीब रेटत न्हाई, बाई.’

‘बरं, मी आधी माझ्या मालकांचं घेते. मग तुम्ही घ्या.’

मी कान टवकारले. मॅडमनी तोंड उघडलं. मिटलं. घसा खाकरला. पुन्हा उघडलं. सीताबाई वाट बघत बसली आणि मग हसायला लागली. ‘बगा. तुमाला बी न्हाई जमत.’

परत निघालो. चिमाजी हंडा घेऊन खाली झऱ्यावर गेला होता. आम्ही पायवाटेनं बरंच उतरलो, तेव्हा वरून सीताबाईची हाक आली. ‘अवं... अवं, कुटं हायसा?’ कुणी ओ दिली नाही. पुन्हा हाक. ती ओट्याच्या कडेला येऊन हात पुढं करून उभी होती. मॅडम थांबल्या. हेल्मेट काखेत मारलं, तोंडाशी हात धरला आणि झऱ्याच्या दिशेनं सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, ‘ओ चिमाजी, तुम्हाला हाक मारतायत.’

खालून ‘आलो, आलो’ ऐकू आलं. तो हंडा सावरत वर चढून तिच्यापाशी पोचेपर्यंत मॅडम त्या वाटेवर तशाच उभ्या होत्या.